फळमाशीच्या डोळ्यांचे रंग

सोनपेठच्या बाजारांत अति पिकलेल्या केळ्यांभोंवतीं चिलटें घोंगावतात, त्यांत फळमाशी बहुधा असतेच. हातानें वारावी एवढीच तिची योग्यता आपण मानतों. शास्त्रज्ञांनीं मात्र शंभराहून अधिक वर्षें तिच्या डोळ्यांवरून नजर ढळूं दिलेली नाहीं.

१९१० सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत थॉमस हंट मॉर्गन यांस लाल डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पुढें मॉर्गन यांच्या शिष्यांनीं व इतरांनीं डोळ्यांचे नाना रंग टिपून ठेविले: कोणाचा गडद नारिंगी, कोणाचा कार्नेशन फुलासारखा. रंग ही जनुकाची केवळ खूण, अशी तेव्हां समजूत होती.

ही टिपणें फार निराळ्या कामीं आलीं. डोळ्यांतील रंगद्रव्य ज्या सूक्ष्म कणिकांत साठतें, त्या कणिका पेशींतील लयकारिकांच्या भावंडांपैकीं होत. लयकारिका म्हणजे पेशीचे मोडके भाग विघटित करून उपयुक्त द्रव्य परत देणाऱ्या पिशव्या. आमच्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवीत, तसाच हा संसार. पेशी स्वतःचाच अंश असा पचविते, त्यास स्वभक्षण म्हणतात. १९९९ सालीं असें दिसून आलें कीं, ‘गडद नारिंगी’ व ‘कार्नेशन’ हीं जनुकें लयकारिकांकडे माल पोंचविणाऱ्या यंत्रणेचे भाग घडवितात. वाहतूक बिघडली म्हणून रंग बदलला होता!

डोळ्यांवांचूनही माशी प्रयोगशाळेंत जगते. म्हणून तेथें हवा तो बिघाड करून पाहतां येतो. शिवाय तिच्या प्रत्येक डोळ्यांत सुमारें आठशें नेत्रिका इतक्या नेमक्या ओळींनीं बसविलेल्या असतात कीं, थोडी पडझडही सूक्ष्मदर्शकाखालीं लपत नाहीं. याचें मोल मज्जारोगांत कळतें. प्रौढ मज्जापेशी सहसा विभागत नाहींत. आपला केर त्यांस आपणच काढावा लागतो. हंटिंग्टनच्या रोगांत त्यांत विकृत प्रथिन सांचतें. तेंच माशीच्या डोळ्यांत उत्पन्न केलें असतां प्रकाशग्राही पेशी झिजल्या. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्वभक्षणास चेतविणारें रॅपामायसिन दिल्यावर ही झीज कमी झाली. माणसाचा रोग त्यानें बरा झाला, असें मात्र कोणीं समजूं नये.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ओबेद सिद्दिकी यांनीं १९६२ मध्यें रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला व पुढील दशकांत मज्जासंस्थेच्या अभ्यासासाठीं हीच माशी हातीं धरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतही माशीवर स्वभक्षणाचा अभ्यास झाला आहे. महाविद्यालयांतून मात्र हे डोळे बहुधा आनुवंशिकतेचीं गणितें सोडविण्यापुरतेच दाखविले जातात, याचें आम्हांस वाईट वाटतें. बाटलींत मक्याचें पीठ, साखर व यीस्ट घातलें कीं दहाबारा दिवसांत माशांची नवी पिढी हजर होते. एवढी तयारी सोनपेठेंतही होऊं शकेल.