तळटीप १७ : ‘भाऊसाहेबांचे उदगीर’

१७. उदगीर (जि. लातूर) : नांदेडहून सकाळी निघून किल्ला पाहून संध्याकाळी परतण्याजोगे गाव. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. म्हणूनच लेखकाचे आजोबा कोर्टकचेरीसाठी बीदरला जात. खंदकाने वेढलेल्या भुईकोटात उदागीर महाराजांची समाधी आहे. ‘भाऊसाहेब’ म्हणजे सदाशिवरावभाऊ पेशवे. त्यांनी फेब्रुवारी १७६० मध्ये निजाम सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअली यांचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना मराठ्यांकडे होता. तहात दौलताबादसह महत्त्वाचे किल्ले आणि साठ लाखांच्या आसपास वसुलीचा मुलूख मिळाला. लढाई किल्ल्याच्या तटाआड नव्हे, उघड्या मुलखात झाली. निजामाची फौज औशाकडे सरकत असताना मराठ्यांनी तिला गाठले. त्यामुळे बुरुजांवर लढाईच्या खुणा शोधू नयेत. उदगीर-औसा हा सारा पट्टाच रणभूमी समजावा. पुढे वर्षभरात, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले आणि मराठ्यांचा हा मोठा विजय त्याच्या छायेत गेला. पाठ्यपुस्तकांनी त्याला एका ओळीत आटोपावे, हे संपादकाला अन्यायाचे वाटते.