पाकीट एकाचं, नोंद अख्ख्या जातीची

खिसा हा शब्द फारसीतून आला. धोतर नेसणाऱ्याला खिशाची गरजच नव्हती. आमच्या उंद्रीच्या बाजाराला येणारा माणूस पैसे कनवटीला लावायचा, बायका पदराच्या गाठीत बांधायच्या. त्यामुळे चोरही गाठ सोडवणारा होता. ‘गंठीचोर’ हा शब्द त्या काळातला. पाकीटमार नंतर आला, पाकिटाच्या मागोमाग. त्याला हवी तशी गर्दी मिळाली रेल्वेमुळे.

बुलढाणा जिल्ह्यात ही रेल्वे कापसासाठी आली. मुंबईहून निघालेली लाईन मलकापूर, नांदुरा, शेगाव करत 1867 मध्ये नागपूरला पोचली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा छोटा फाटा सुरू झाला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. कापूस विकून रोकड घेऊन निघालेला शेतकरी आणि शेजारी पूर्ण अनोळखी माणूस. गावात कोण कोणाचा हे सगळ्यांना माहीत असतं, डब्यात कोणालाच नाही.

पुढच्याच वर्षी, 1871 मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी उत्तर भारतात, 1911 पासून देशभर. यात चोरी सिद्ध करायची गरजच नव्हती. जमात गुन्हेगार जाहीर झाली की तिच्या माणसांची नोंद, बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला पास. मी डेटाबेसवर काम करतो, म्हणून मला हे असं दिसतं: रकान्यात ‘चोर’ आधीच भरलेलं, माणूस जन्माला यायचाच बाकी. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले. त्यात ‘भामटा’ जातीवर वेगळं प्रकरण आहे, आणि रेल्वेतल्या चोऱ्या कशा होतात हे त्यात मोठ्या चवीने सांगितलंय.

मी सध्या म्युनिकमध्ये नोकरी करतो. मागच्या हिवाळ्यात ऑफिसला जाताना, खच्चून भरलेल्या मेट्रोत, जॅकेटच्या आतल्या खिशातून माझं पाकीट गेलं. रेसिडेन्स कार्ड, दोन बँक कार्डं, थोडे युरो आणि आईने दिलेला गजानन महाराजांचा फोटो. कार्डं पुढच्या स्टेशनला उतरून लगेच ब्लॉक केली. फोटो काही ब्लॉक करता येत नाही. चोर ना मी पाहिला, ना दुसऱ्या कोणी. तरी दुपारी जेवताना एक सहकारी ठामपणे म्हणाला, “रोमा असणार.” कशावरून, असं विचारलं तर म्हणाला, “सगळ्यांनाच माहितीये.” एसटी स्टँडवर कोणाचं पाकीट गेलं की मराठीत हेच ऐकू येतं, फक्त जातीचं नाव बदलतं.

रोमांच्या भाषेत पाण्याला पाणी, नाकाला नाक आणि कानाला कान म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी भारतातून निघालेली ही माणसं. याच म्युनिकमध्ये 1899 साली पोलिसांनी त्यांच्या नोंदी ठेवायला खास कार्यालय उघडलं. त्याचा प्रमुख आल्फ्रेड डिलमान याने 1905 मध्ये तीन हजारांहून जास्त माणसांच्या माहितीचं पुस्तकच छापलं. 1926 मध्ये बव्हेरियाने त्यांच्याविरुद्ध कायदा केला. नाझी सत्तेवर आले तेव्हा याद्या आयत्याच तयार होत्या. पुढे लाखो सिंती आणि रोमा मारले गेले, आणि तो वंशसंहार होता हे जर्मन सरकारने मान्य केलं 1982 मध्ये.

आपल्याकडचा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987 मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खिसे कापायला शिकणारी पोरं त्यात आहेत, पोलिसांचा मार आहे, आणि जात कळल्यावर काम न देणारं गावही आहे. वाचलं नसेल तर जरूर वाचा. थोडक्यात सांगण्यासारखं ते पुस्तक नाही.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 14 जाती आहेत. त्यात ‘भामटा’ ही नोंद आजही तशीच आहे. सेतू केंद्रात दाखल्याचा फॉर्म भरणारी एखादी मुलगी जातीच्या रकान्यात हा शब्द लिहिते. रांगेत उभ्या उभ्या मोबाईल उघडते, तर बातमी असते: भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले.