मुकादमाला हसणारा कवी

ओवेन रो ओ'सुलिव्हन (१७४८–१७८४) हा केरी परगण्यातला आयरिश कवी. लॅटिन जाणणारा हा शाळामास्तर पोटासाठी रोजंदारीने शेते खणी. एका कवितेत तो शेमस या मित्राकडे फावड्याला दांडा बसवून मागतो आणि म्हणतो, मुकादमाने कामचुकार ठरवले, तर त्याला ग्रीकांच्या लढाया ऐकवीन!

पुढे तो इंग्रजी आरमारात गेला. १७८२ साली अॅडमिरल रॉडनीच्या विजयावर त्याने इंग्रजीत स्तुतिगीत रचले व बक्षीस म्हणून सुटका मागितली. ती नाकारली गेली.

कामगारांत वावरणारे आम्ही या विनोदाचा अर्थ असा लावतो : अंग रोजावर विकले, तरी बुद्धी विकलेली नाही. धन्याच्या स्तुतीने त्याला सुटका मिळाली नाही. 'गोड मुखाचा ओवेन' हे नाव दिले ते त्याच्याच लोकांनी.