भारतातील शस्त्र कायदा : कठोर शिक्षा आणि शिथिल अंमलबजावणी (१८७८ ते २०१९)

प्रस्तावना :
गोळीबाराची एखादी मोठी घटना घडली की शस्त्रविषयक कायदा अधिक कडक करावा, अशी मागणी पुढे येते. भारतातील या कायद्याचा इतिहास मात्र वेगळी बाब निदर्शनास आणून देतो. येथे कायदा कागदावर क्वचितच सौम्य होता. तो कोणाला लागू करावयाचा आणि कोणाला वगळावयाचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक कालखंडात कायम राहिला. प्रस्तुत लेखात १८७८ ते २०१९ या काळातील शिक्षेच्या तरतुदी आणि त्यांची अंमलबजावणी यांतील अंतराचा विचार केला आहे.

वसाहतकालीन कायदा :
१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने अनेक प्रदेशांत निःशस्त्रीकरणाची मोहीम राबविली. पुढे लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा संमत झाला. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत, तर अपराध लपवून केल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. परंतु सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आणि युरोपियनांना परवान्याच्या बंधनातून वगळले. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्यात बदल करण्याची मागणी केली. एतद्देशीयांच्या निष्ठेवरील अविश्वासाचे प्रतीक म्हणूनच सुशिक्षित वर्ग या कायद्याकडे पाहत होता.

कायद्याच्या कठोरतेने त्याचा उद्देशही पूर्णतः साध्य झाला नाही. लंडनहून चोरट्या मार्गाने आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. जिवावर उदार झालेल्या क्रांतिकारकाला कायदा रोखू शकला नाही. पिकाच्या रक्षणासाठी बंदूक हवी असणाऱ्या शेतकऱ्याला मात्र परवान्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत.

याच कायद्याचे कलम २९ अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा खटला भरण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आवश्यक होती. परंतु उठावानंतर जेथे निःशस्त्रीकरण झाले होते, त्या प्रदेशांत ती लागत नसे. म्हणजे एकाच अपराधासाठी आरोपीला मिळणारे संरक्षण तो कोठे पकडला गेला यावर अवलंबून होते. स्वातंत्र्यानंतरही हा भेद टिकून राहिला. अखेर १९६२ मध्ये जिया लाल विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविले. १८५७ ची छाया न्यायालयीन व्यवहारावर शंभर वर्षांहून अधिक काळ पडलेली होती.

स्वातंत्र्योत्तर कायदा आणि किमान शिक्षा :
१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. मूळ अधिनियमात विनापरवाना शस्त्र बाळगण्यासाठी किमान शिक्षा नव्हती. १९८० च्या दशकात पंजाबमधील दहशतवादाच्या पार्श्वभूमीवर सुधारणांची मालिका झाली. किमान शिक्षा निश्चित झाल्या. त्याचबरोबर पुरेशी व विशेष कारणे नोंदवून काही अपराधांत किमानपेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा परंतुकाने ठेवली. १९८८ मध्ये तर प्रतिबंधित शस्त्राच्या वापराने मृत्यू घडल्यास मृत्युदंड अनिवार्य करण्यात आला. ही तरतूद पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. शिक्षा ठरविताना न्यायाधीशाच्या विवेकाला जागाच न ठेवणारा कायदा टिकला नाही.

शिक्षेतील सौम्यतेची सार्वजनिक चर्चा महाराष्ट्रात सर्वाधिक झाली ती १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्याच्या संदर्भात. अभिनेता संजय दत्त यांना विशेष न्यायालयाने कटाच्या आरोपातून मुक्त करून शस्त्र अधिनियमाखाली दोषी ठरविले व २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली. प्रतिबंधित शस्त्रासाठी तेव्हा तीच किमान शिक्षा होती; त्यामुळे या निकालास नियमबाह्य सौम्यता म्हणता येत नाही. खरा वाद त्यानंतर उद्भवला. कारावासाच्या काळात मिळालेली संचित व अभिवचन रजा आणि फेब्रुवारी २०१६ मधील मुदतपूर्व सुटका यांवर प्रश्न उपस्थित झाले. शिक्षेचे मोजमाप न्यायालयाच्या निकालपत्राइतकेच कारागृहाच्या नोंदवहीतही होत असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

अंमलबजावणीचे टप्पे :
१९५९ च्या अधिनियमातील कलम ३९ नुसार विनापरवाना शस्त्र बाळगण्याच्या खटल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. मंजुरी विचारपूर्वक दिलेली नसणे, जप्तीच्या पंचनाम्यावरील पंच फितूर होणे, मुद्देमाल योग्य रीतीने सीलबंद नसणे, शस्त्र वापरण्यायोग्य होते याचा तज्ज्ञ अहवाल नसणे, यांपैकी एक दुवा जरी निखळला तरी खटला कोसळू शकतो. अशा निर्दोषत्वाला सौम्यता म्हणणे अयोग्य आहे. ते तपासाचे अपयश होय.

२०१९ च्या सुधारणेने परवानाधारकास बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि बेकायदा निर्मिती व विक्रीसाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरविली. समारंभातील बेदरकार गोळीबारही स्वतंत्र अपराध झाला. तथापि गावठी कट्ट्याच्या कारखान्याला परवाना कधीच नव्हता. म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली, ही बाब बोलकी आहे.

समारोप :
शिक्षेच्या तीव्रतेपेक्षा तिची निश्चितता गुन्ह्यास अधिक आळा घालते, हे प्रतिपादन इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्येच केले होते. भारतीय अनुभव त्यास पुष्टी देतो. वसाहतकाळात सूट वंशावर आणि प्रदेशावर आधारलेली होती. आज कायद्यासमोर सर्व समान आहेत. परंतु तपासातील त्रुटींचा लाभ चांगला वकील देऊ शकणाऱ्यालाच प्रथम मिळतो आणि कट्टा वाहून नेणारा गरीब तरुण सुनावणीविना कोठडीत राहतो. त्यामुळे शिक्षेचा आकडा वाढविण्याआधी पंचनामा, प्रयोगशाळा आणि खटल्याचा कालावधी यांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. अन्यथा १८७८ च्या कायद्यातील विषमता नव्या वेशात चालू राहील.