संगणकाच्या भाषेलाही विरजण लागते!

कालिदासाच्या 'मेघदूता'तील रामगिरी म्हणजे नागपूर जिल्ह्यातील रामटेक, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले आणि विदर्भात ते रूढ झाले. याच रामटेकमध्ये 1985 मध्ये कविकुलगुरू तंत्रज्ञान व विज्ञान संस्था हे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे 1997 मध्ये राज्य शासनाने येथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाची स्थापना केली. एका संस्थेत संगणकशास्त्र, तर दुसरीत व्याकरण. वरवर पाहता या दोन विद्यांचा परस्परांशी संबंध नाही. प्रत्यक्षात संस्कृत वाक्याचा पदच्छेद संगणकाकडून करून घ्यायचा असेल, तर आधी एक संपूर्ण संगणकीय भाषा स्वतःच्या यंत्रावर उभी करावी लागते. ही उभारणी कशी होते आणि ती समजून घेणे का आवश्यक आहे, हे जाणून घेण्यासारखे आहे.

'संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा' हे विधान आपल्याकडे वारंवार ऐकू येते. त्याचे मूळ अमेरिकन संशोधक रिक ब्रिग्ज यांच्या 1985 मधील लेखात आहे. वाक्याच्या अर्थाचे विश्लेषण करण्याची भारतीय वैयाकरणांची पद्धत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेत ज्ञान मांडण्याची पद्धत यांत साम्य आहे, एवढेच त्यांनी दाखवले होते. संगणकाच्या आज्ञावल्या संस्कृतमध्ये लिहिल्या जातात, असा त्याचा अर्थ नाही. उलट, संस्कृतवर काम करणाऱ्या आज्ञावल्या इतर संगणकीय भाषांतच लिहाव्या लागतात.

पॅरिसमधील व्याकरणयंत्र

याचे ठळक उदाहरण म्हणजे फ्रान्समधील 'इन्रिया' या संशोधन संस्थेचे संगणकशास्त्रज्ञ जेरार ह्युए यांची 'संस्कृत हेरिटेज' प्रणाली. 'तस्योपरि' हा शब्द दिला की 'तस्य' आणि 'उपरि' असा संधिविग्रह ती करते आणि एकाहून अधिक विग्रह संभवत असल्यास तेही समोर ठेवते. हैदराबाद विद्यापीठाच्या संस्कृत अध्ययन विभागात अंबा कुलकर्णी यांच्या पुढाकाराने विकसित झालेल्या 'संसाधनी' या प्रणालीशी तिची सांगडही घालण्यात आली आहे.

ह्युए यांची प्रणाली 'ओकॅमल' या भाषेत लिहिलेली आहे. ही भाषाही इन्रियामध्येच घडली. तिचे पूर्वरूप असलेली 'कॅमल' 1980 च्या दशकात ज्या प्रकल्पातून निर्माण झाली, त्याचे नेतृत्व ह्युए यांच्याकडे होते. ओकॅमल 1996 मध्ये प्रकाशित झाली. हेरिटेज प्रणाली इंटरनेटवरून वापरता येते. मात्र ती स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटविना चालवायची किंवा तिच्यात बदल करायचे, तर तिचा सोर्स कोड आणून ओकॅमलच्या साहाय्याने तिची बांधणी करावी लागते.

तीन आज्ञा, तीन टप्पे

सोर्स कोड म्हणजे माणसाला वाचता येईल अशा स्वरूपातील आज्ञावली. संगणकाला ती थेट कळत नाही. तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस 'कम्पायलर' म्हणतात. लिनक्सवर ओकॅमलसारखी भाषा सोर्स कोडपासून उभारताना साधारणपणे तीन आज्ञा द्याव्या लागतात. पहिली 'कॉन्फिगर'. ती यंत्राची पाहणी करते. प्रोसेसर कोणता, सी भाषेचा कम्पायलर आहे का, आवश्यक साधने आहेत का, हे तपासून ती नोंदी करून ठेवते. दुसरी 'मेक'. या नोंदींनुसार शेकडो फायलींचे योग्य क्रमाने रूपांतर होते. एखादी फाईल बदलली, तर केवळ तिच्यावर अवलंबून असलेला भागच पुन्हा बांधला जातो. तिसरी 'मेक इन्स्टॉल'. तयार झालेल्या फायली ती नेमून दिलेल्या जागी ठेवते. ही जागा पहिल्या आज्ञेतच सांगता येते. स्वतःच्या वैयक्तिक फोल्डरचा पत्ता दिल्यास प्रशासकाच्या परवानगीचीही गरज पडत नाही. आजच्या साध्या लॅपटॉपवर हे काम काही मिनिटांत आटोपते.

आधी कोंबडी की अंडे?

येथे एक पेच उद्भवतो. ओकॅमलचा कम्पायलर ओकॅमलमध्येच लिहिलेला आहे. मग पहिल्यांदा त्याचे रूपांतर करणार कोण? याचे उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. दही लावायला आधीच्या दह्याचे विरजण लागते. ओकॅमलच्या सोर्स कोडसोबतही आधीच तयार केलेला एक छोटा कम्पायलर 'बाइटकोड' या मधल्या स्वरूपात दिलेला असतो. बांधणीच्या वेळी सी भाषेत लिहिलेला, हा बाइटकोड चालवणारा भाग प्रथम तयार होतो. त्यावर विरजणाचा कम्पायलर चालतो, तो नव्या कम्पायलरची बांधणी करतो आणि शेवटी थेट यंत्रभाषा निर्माण करणारा वेगवान कम्पायलर तयार होतो. या पद्धतीस 'बूटस्ट्रॅपिंग' म्हणतात. नव्या कम्पायलरकडून त्याच्याच सोर्स कोडचे पुन्हा रूपांतर करून घेता येते. दोन्ही वेळचे फलित तंतोतंत जुळले, की बांधणी स्थिर झाली असे समजले जाते.

विश्वास ठेवावा कोणावर?

विरजणातच दोष असेल तर काय? युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात हाच प्रश्न उपस्थित केला. कम्पायलरमध्ये लपवलेला चोरदरवाजा स्वतःची प्रत पुढील प्रत्येक कम्पायलरमध्ये घालू शकतो आणि सोर्स कोडमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. सोर्स कोड वाचून पाहणे पुरेसे नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

त्यावर उपायही शोधला गेला. वेगळ्या मार्गाने तयार केलेल्या कम्पायलरकडून तीच बांधणी करून घ्यायची आणि दोन्ही फलिते ताडून पाहायची. संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कॅम्लबूट' प्रकल्पात ओकॅमलच्या 4.07 या आवृत्तीची अशी तपासणी झाली आणि तिच्या विरजणात असा चोरदरवाजा नसल्याचे सिद्ध करण्यात आले. सोर्स कोड खुला नसता, तर ही तपासणी बाहेरच्या कोणालाही करता आली नसती.

आवृत्त्यांचा सांभाळ

अभ्यासकाला अधिक वेळा भेडसावणारी अडचण मात्र आवृत्त्यांची असते. हेरिटेज प्रणालीचा सोर्स कोड ओकॅमलच्या एका पर्यायी वाक्यरचनेत लिहिला गेला आणि ती समजण्यासाठी 'कॅम्लपी-फोर' हे साधन लागत असे. 2014 मधील 4.02 या आवृत्तीपासून ते ओकॅमलच्या मूळ संचातून वेगळे झाले. पुढे 2022 च्या अखेरीस ओकॅमलची पाचवी आवृत्ती आली. एकाच वेळी प्रोसेसरचे अनेक गाभे वापरण्याची सोय तिने दिली आणि त्या कामात आयआयटी मद्रासमधील संशोधकांचा मोठा वाटा होता. भाषा पुढे जाते, तशी जुनी आज्ञावली नव्या कम्पायलरवर अडखळू शकते. 2013 पासून उपलब्ध असलेले 'ओपॅम' हे साधन यासाठी उपयोगी पडते. कम्पायलरच्या निरनिराळ्या आवृत्त्या एकाच यंत्रावर परस्परांना बाधा न आणता नांदवता येतात. जुने काम करताना कम्पायलर कोणत्या आवृत्तीचा होता, याची नोंद ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला प्रणाली जेवढे देईल तेवढेच मिळते. संधीचा एखादा नियम सुटला असेल, एखादे रूप चुकत असेल, तर ते दुरुस्त करण्यासाठी सोर्स कोड हाती हवा आणि तो पुन्हा बांधण्याचे ज्ञानही हवे. संधी कोठे चुकली हे वैयाकरण सांगू शकतो, बांधणी कोठे अडली हे अभियंता. रामटेकसारख्या गावात हे दोघेही हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांना एकत्र बसण्यासाठी लागणारी सामग्री विनामूल्य उपलब्ध आहे.