गवसणी

मराठी मध्यमवर्गीय घरात नवी वस्तू दोनदा येते. एकदा दुकानातून, आणि दुसऱ्यांदा तिचं कव्हर शिवून झाल्यावर. मधले चार दिवस ती बिचारी उघडी असते आणि घरातली माणसं तिच्या आजूबाजूला, बाळंतिणीच्या खोलीत वावरावं तशी, पावलं न वाजवता वावरतात. ह्या कव्हरांचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. राजेरजवाड्यांच्या चिलखतांवर ग्रंथ निघतात. पण ज्या चिलखतांनी आपले रेडिओ, मिक्सर आणि शिवणयंत्रं दोन-दोन पिढ्या टिकवली त्यांची बखर कुणी लिहीत नाही. म्हणून हे काम मीच अंगावर घेतलं आहे.

आमच्या एका काकूंकडे सोफ्याला अभ्रा आहे, अभ्र्यावर चादर आहे आणि पाहुणे उठून गेले की चादरीवर एक जुनं लुगडं पसरलं जातं. सोफ्याचा मूळ रंग कोणता हे आता खुद्द काकांनाही सांगता येत नाही. तो निळा असावा असा घरात एक पक्ष आहे. दुसरा पक्ष चॉकलेटी म्हणतो. अभ्रा काढून बघावं असं अजून कुणाच्या मनात आलेलं नाही.

पण ह्या जुन्या कव्हरांची थट्टा करताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या कव्हरांना अक्कल होती. तंबोऱ्याची गवसणीच घ्या. गवई बैठकीवर येतो, गवसणी उतरवतो, घडी घालून मागे सारतो आणि मगच तारा लावायला बसतो. गवसणीसकट तंबोरा छेडणारा गवई मी अजून पाहिलेला नाही. टीव्हीच्या पेटीला लाकडी सरकती दारं आणि वर कुलूप असायचं. पण बातम्यांच्या वेळी ते उघडायचं. ट्रान्झिस्टरला चामड्याचं कव्हर असायचं आणि ते वाजताना अंगावरच असायचं, हे खरं. पण ते शिवणाऱ्या कारागिरानं जिथून आवाज येतो तिथे बारीक बारीक भोकं पाडलेली असायची आणि काट्यापुढे खिडकी कापलेली असायची. म्हणजे कायदा सरळ होता : कामाच्या वेळी कव्हर उतरायचं, आणि उतरणार नसेल तर वस्तूचे डोळे आणि तोंड कुठे आहे ते आधी बघून मग कात्री चालवायची.

हा कायदा मोबाईलनं मोडला. मोबाईल ही आपल्या घरातली अशी पहिली वस्तू की जिचं काम कधी संपत नाही आणि जिचं कव्हर कधी उतरत नाही. शिवाय तिचे डोळे कुठे आहेत हे तिच्या मालकाला ठाऊक नसतं.

डोळे म्हणजे सेन्सर. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्ज सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पहिला आयफोन घेऊन उभा राहिला तेव्हा त्यात असे तीन सेन्सर होते. एक फोन आडवा की उभा हे ओळखणारा, दुसरा उजेड किती आहे हे पाहून पडदा कमीजास्त करणारा, आणि तिसरा फोन कानाला लागला की पडदा बंद करणारा. हा तिसरा फार हुशार. पडद्याच्या वरच्या अंगाला, जिथून आवाज येतो त्याच्या शेजारी, एक ठिपका असतो. त्यातून डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर पडतो. समोर गाल आला की तो प्रकाश आपटून परत येतो, आणि फोन समजतो की मालक बोलत बसले, आता पडदा मिटावा. नाहीतर गालानंच भलतं बटण दाबलं जायचं.

आता इथे गंमत अशी की प्रकाशाला गाल आणि कव्हर ह्यातला फरक कळत नाही. कव्हराची कड जरा पुढे आली, किंवा वर चिकटवलेली काच जरा सरकली, की प्रकाश तिच्यावरूनच परत येतो. फोनला वाटतं, गाल आला. आणि कव्हर काही गालासारखं उठून जात नाही. म्हणजे फोन लावला की पडदा जो काळा होतो तो काळाच.

हे सगळं शास्त्र मला नंतर कळलं. आधी कळलं ते निराळं.

गेल्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता वहिनींनी दार वाजवलं. दादा आणि मी एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. “भावजी, ह्यांच्या छातीत दुखतंय,” एवढंच त्या म्हणाल्या. दादा खुर्चीत बसला होता, घामानं बनियन भिजलेला, आणि तशातही “उगाच झोपमोड केलीस त्याची” असं वहिनींना सांगत होता. मी जवळच्या हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून एक गोड मुद्रित बाई बोलू लागल्या. मराठीसाठी एक दाबा. मी फोन कानापासून काढून पाहिला तर पडदा काळा. बोटानं दाबला, तरी काळा. बाई पुन्हा म्हणाल्या, मराठीसाठी एक दाबा. आता एक दाबायचा कुठे? समोर कोळशासारखी पाटी. बाजूचं बटण दाबलं, हलवला, शेवटी चक्क फुंकर मारली. बाईंनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं आणि आभार मानून त्या निघून गेल्या. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

वाचकहो, त्या दीड मिनिटात मी दादाकडे पाहिलं नाही. पाहण्याचं धैर्य नव्हतं. पंचावन्न वर्षं ज्याच्या सायकलीमागे बसून जग पाहिलं तो माणूस तीन हातांवर बसला होता, आणि मला एक दाबता येत नव्हता.

तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या हातातून फोन ओढला. “अहो, ते कातडं काढा आधी त्याचं!” त्यांनी पोह्याच्या चमच्याचा दांडा कव्हराच्या कोपऱ्यात घातला, वाटाण्याची शेंग सोलावी तसं ते सोललं, आणि पडदा लख्ख पेटला. एक दाबला. मग दोन दाबला. वीस मिनिटांत गाडी खाली उभी होती. दादाच्या रक्तवाहिनीत आता एक स्टेन्ट आहे, आणि त्याचं कव्हर कुणी शिवलं हे तो डॉक्टरांना विचारणार होता असं तो सगळ्यांना सांगत असतो.

दुसऱ्या आठवड्यात माझा भाचा आला. तो इंजिनियरिंगला आहे. त्यानं फोनची तपासणी केली ती मी वहीत लिहून ठेवली आहे, कारण इतकी साधी गोष्ट कुणी सांगत नाही. “मामा, फोन बिघडला असं वाटलं की आधी तो नागडा करायचा. कव्हर काढा, वरची काच काढता येत असेल तर काढा, ठिपक्याची जागा मऊ फडक्यानं पुसा. मग फोन लावून ठिपक्यावर बोट धरा. पडदा मिटला पाहिजे, बोट काढलं की उजळला पाहिजे. तसं झालं तर फोन शहाणा आहे, दोष कपड्यांचा. आता एकेक कपडा पुन्हा चढवा आणि दरवेळी तपासा.” रात्री काढलेले फोटो धुरकट येत असतील तर कव्हराची कड फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्यात परतवते का बघायचं. नकाशा उत्तरेऐवजी भलतीकडे तोंड करत असेल तर कव्हराच्या झडपेत लोहचुंबक आहे का बघायचं. ते काढून, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवला की आतला होकायंत्राचा काटा ताळ्यावर येतो.

हे होकायंत्राचं ऐकलं आणि माझ्यातला बखरकार जागा झाला. कारण हा रोग काही मोबाईलचा नव्हे. तो दोनशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तेव्हा कव्हर म्हणजे आख्खं जहाज होतं.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा काढणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सच्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं की जहाज जिकडे तोंड करील त्याप्रमाणे होकायंत्राची चूक बदलते, आणि ह्याला जहाजातलंच लोखंड कारण आहे. पुढे तर जहाजंच लोखंडाची झाली. लाटा आणि खडक ह्यांपासून रक्षण करणारं असं भक्कम कव्हर, की आतला काटा त्यात आंधळा! १८५४ च्या जानेवारीत लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालेलं ‘टेलर’ नावाचं नवं कोरं लोखंडी जहाज पहिल्याच सफरीत डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर आपटलं. दक्षिणेकडे चाललो आहोत असं होकायंत्रं सांगत होती. जहाज पश्चिमेला आयर्लंडकडे चाललं होतं. शेकडो माणसं बुडाली. त्यांनाही कुणीतरी, कव्हर मजबूत आहे, काळजी नको, असंच सांगितलं असणार.

उपाय तसा आधीच निघाला होता. १८३८ साली जॉर्ज एअरी ह्या इंग्लंडच्या राजज्योतिषानं टेम्स नदीवर ‘रेनबो’ नावाची लोखंडी आगबोट गरागरा सगळ्या दिशांना फिरवून काटा कुठे किती चुकतो ते टिपलं, आणि होकायंत्राच्या आसपास चुंबक आणि लोखंड मोजूनमापून ठेवून चूक बरीचशी मारली. पुढे १८७६ मध्ये विल्यम टॉमसननं, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्विननं, होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना लोखंडाचे दोन गोळे बसवले. काट्यानं काटा काढणं म्हणतात ते हेच. आणि माझा भाचा हवेत आठ काढतो तेव्हा तोही, न कळत, एअरीची बोटच फिरवत असतो.

पण ह्या बखरीतलं सर्वांत शहाणं कव्हर आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. त्यांच्या विजेच्या प्रवाहानं ते नाजूक काटे बिथरणार, हे तिथले पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस ह्यांनी ओळखलं. ट्रामना अडवणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी काट्यांनाच समुद्रापलीकडे नेलं, अलिबागला. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या, आणि मगच १९०६ मध्ये कुलाब्याच्या थांबवल्या. ट्राम धावली ती १९०७ ला. अलिबागच्या त्या इमारतीला पोरबंदरचा दगड निवडून आणला, कारण तो चुंबकाला दाद देत नाही. पावसापाण्यापासून राखायचं, पण काट्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, असं ते कव्हर. ते आजही उभं आहे आणि आतले काटे आजही पृथ्वीची नाडी पाहत आहेत.

आणि मुंबईकर मात्र कुणी बावळटात काढलं की विचारतो, “मी काय अलिबागहून आलोय?” ह्या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून एक अलिबागकर थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. विनोद सगळ्यांवरच होतात, असं म्हणून न्यायालयानं २०१९ साली ती याचिका फेटाळली. माझ्या हातात असतं तर मी त्यांना निदान पोरबंदरच्या दगडाचा एक तुकडा भेट दिला असता.

निःपक्षपाती बखरकार म्हणून कव्हराचीही एक बाजू सांगितली पाहिजे. २०१० मध्ये आयफोनचं चौथं मॉडेल ठराविक तऱ्हेनं मुठीत धरलं की त्याची रेंज जायची, कारण अँटेना फोनच्या कडेलाच होती. तेव्हा कंपनीनं गिऱ्हाइकांना फुकट कव्हरं वाटली. पण २०१९ च्या ऑक्टोबरात नेमकं उलट झालं. इंग्लंडमधल्या एका बाईंनी सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस-१० ला स्वस्तातलं सिलिकॉनचं कव्हर घातलं, आणि त्यांचा फोन त्यांच्या नवऱ्याच्या अंगठ्यानं उघडू लागला! पडद्याखालचा सेन्सर कव्हराच्या आतल्या नक्षीलाच बोटाचा ठसा समजत होता. कंपनीनं दुरुस्ती पाठवली. त्या बाईंच्या घरी काय झालं ते वर्तमानपत्रांत आलं नाही, आणि मीही ते माझ्या घरी सांगितलेलं नाही.

इतका अभ्यास झाल्यावर मी नवं कव्हर आणायला गेलो. दुकानदाराला सांगितलं, “वरच्या ठिपक्यापाशी मोकळं हवं, कड बुटकी हवी, झडप नको, लोहचुंबक तर मुळीच नको. आणि आधी इथे फोन लावून बघणार, मग पैसे देणार.”

गल्ल्यावरचा पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “काका, अलिबागहून आलात काय?”

“हो,” मी म्हटलं, “ट्रामच्या आधी.”