वारसा नियोजन

वारसा नियोजन म्हणजे आपल्या पश्चात मालमत्ता, देणी आणि आश्रितांची जबाबदारी यांची व्यवस्था हयातीतच लेखी ठरवून ठेवणे होय. मृत्युपत्र, नामनिर्देशन, बक्षीसपत्र व वाटणीपत्र ही त्याची प्रमुख साधने आहेत. कुटुंब व मालमत्ता दोन्ही बदलत असल्याने या नियोजनाचा वेळोवेळी फेरविचार आवश्यक ठरतो.

शेतकरी कुटुंबातील मालमत्ता

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी हा मुळा व प्रवरा नद्यांच्या पाण्यावर ऊस पिकवणारा तालुका आहे. अशा बागायती भागात एकाच कुटुंबाची मालमत्ता अनेक दप्तरांत विखुरलेली असते. जमीन सातबारा उताऱ्यावर, गावठाणातील घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये किंवा मिळकत पत्रिकेवर, भाग साखर कारखान्यात व सेवा सोसायटीत, तर ठेवी बँकेत वा पतसंस्थेत असतात. विहिरीतील सामाईक हिस्सा व पीककर्जाचा बोजा यांचाही त्यात समावेश होतो. कर्त्या व्यक्तीच्या निधनानंतर वारसांना प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे नाव लावून घ्यावे लागते.

मृत्युपत्र नसल्यास

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम वर्ग १ च्या वारसांकडे जाते. विधवा, मुलगे, मुली व आई यांचा हिस्सा समान असतो. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे वडिलोपार्जित मालमत्तेत व्यक्तीला केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते.

मृत्युपत्र

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्रावर ते करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. नोंदणी ऐच्छिक आहे. करणारा सक्षम असेपर्यंत त्याला मृत्युपत्र कधीही बदलता किंवा रद्द करता येते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मालमत्तेचे मृत्युपत्र करता येत नाही.

अद्ययावत ठेवण्याची गरज

मृत्युपत्रात नमूद केलेला गट पुढे विकला गेल्यास त्यापुरती तरतूद निष्फळ ठरते. नंतर खरेदी केलेल्या जमिनीचा किंवा उर्वरित मालमत्तेचा उल्लेख नसल्यास तेवढ्या भागाला मृत्युपत्र नसल्याचे नियम लागू होतात. लाभार्थी आधी मरण पावल्यास त्याला दिलेली मालमत्ता सामान्यतः त्याच्या वारसांना मिळत नाही. मात्र तो मृत्युपत्र करणाऱ्याचा मुलगा, मुलगी किंवा अन्य वंशज असून त्याची संतती हयात असल्यास ही तरतूद टिकते. म्हणून विवाह, जन्म, मृत्यू, वाटणी, खरेदी-विक्री किंवा मोठे कर्ज अशा प्रत्येक प्रसंगी मृत्युपत्र तपासणे इष्ट असते.

नामनिर्देशन आणि मालकी

नामनिर्देशित व्यक्ती म्हणजेच वारस, हा समज चुकीचा आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निर्णय दिला. कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनामुळे समभागांची मालकी मिळत नाही. ती मृत्युपत्र किंवा उत्तराधिकार कायद्यानुसार ठरते, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे नामनिर्देशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी सुसंगत ठेवल्यास वाद टळण्यास मदत होते.

वारस नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावी लागते. फेरफार नोंदवहीत नोंद झाल्यावर हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. हरकतींचा विचार करून नोंद प्रमाणित केली जाते आणि नंतर सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात. ही नोंद महसुली प्रयोजनासाठी असते. मालकीचा वाद उद्भवल्यास त्याचा निर्णय दिवाणी न्यायालय करते. नोंद प्रलंबित राहिल्यास वारसांना जमिनीवर कर्ज घेणे, ती विकणे किंवा शासकीय योजनांचा लाभ मिळवणे अवघड होते. याचा फटका विशेषतः स्वतःच्या नावावर काहीच नसलेल्या विधवेला बसतो.